पाचवा गडी

दि. ३ नोव्हेंबर, सोमवार

ती. मामांना साष्टांग नमस्कार. मामींनाही नमस्कार, त्यांच्या गुडघ्यांना वेगळा.

पाकीट बघून मामी म्हणतील, आता हे काय नवीन, याचा फोन मेला का? फोन ठणठणीत आहे. पण फोनवर तुम्ही 'हो हो, बरं बरं' म्हणता, त्यातलं किती ऐकू आलेलं असतं आणि किती पदरचं असतं हे मला कधीच कळत नाही. शिवाय तुम्ही विषय बदलता आणि मी बदलू देतो. कागदावर तशी सोय नाही.

इकडे सगळं ठीक. सध्या एका दवाखान्याच्या जिन्याचे नकाशे काढतोय. तीन आठवडे झाले, एकच जिना. चढायला माणसाला अर्धं मिनिट लागेल आणि काढायला माझा अर्धा जन्म. पहिल्यांदा काढला तेव्हा पायऱ्या उंच झाल्या, दुसऱ्यांदा स्ट्रेचर वळेना, तिसऱ्यांदा सगळं जमलं तर वरचं दार उघडल्यावर माणूस थेट जिन्यात पडेल असं निघालं. कप्तानबाई म्हणाल्या, दवाखानाच आहे, सोय जवळ आहे. कप्तानबाई म्हणजे आमच्या ऑफिसातल्या वरिष्ठ. त्यांना कप्तान का म्हणतात ते पुढे येतंय.

खोली तीच आहे. खिडकीसमोर भिंतही तीच, आता तिला पिवळा रंग देतायत. घरमालकीणबाई रोज खाली उभं राहून रंगाऱ्यांना 'इथे राहिलं, तिथे राहिलं' करत असतात. मी जेवतो, वेळेवर जेवतो, हे मामींसाठी.

आता मुद्द्याचं. परवा फोनवर मामी बोलता बोलता म्हणाल्या, ''तुझ्या मामांनी तो खेळ सोडला बरं का. कुणी मेल्यांनी काढून टाकलं म्हणे. हेडफोन डब्यात घालून माळ्यावर ठेवलाय.'' मी विचारलं, कुठला खेळ? तर म्हणाल्या, तो चंद्रावरचा, गाडा ढकलायचा. मी विचारलं, त्यात मामांनी नाव काय घेतलं होतं? म्हणाल्या, ''जुनं लोखंड.'' मामा, माझ्या हातातला चमचा तसाच तोंडाजवळ राहिला. तो तुम्ही होतात!

मामी हे पत्र तुमच्या आधी वाचणार, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. आम्ही ऑफिसातले चौघं बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आणि शनिवारी दुपारी हा खेळ खेळतो. आपापल्या पडद्यासमोर बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि चंद्रावर जायचं. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने खनिजाचा गाडा विवराच्या काठाने वर दरवाजापर्यंत न्यायचा, दुसऱ्या बाजूने तो अडवायचा. दोन्हीकडे बंदुका असतात, धूर असतो, आणि कुणीतरी सारखं मरत असतं, पण पंधरा सेकंदांनी परत उठतं. कप्तानबाई हुकूम सोडतात. दाढीवाला, म्हणजे आमच्याकडे पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करणारा, जखमींना उठवतो. रिसेप्शनवरची मुलगी नेमबाज. फोनवर इतकी गोड बोलते आणि तिथे कुणाला जिवंत सोडत नाही. मी गाड्याच्या उजवीकडे असतो. माझं नाव तिथे 'टोकदार'. हे मीच तुम्हाला कधीतरी फुशारकीत सांगितलं होतं, आमच्या टीमच्या नावासकट. तुम्ही ते लक्षात ठेवलंत.

आम्ही चौघंच, म्हणून पाचवी जागा उघडी असते. तिथे खेळ कुणालाही आणून बसवतो, किंवा ज्याला आमचं नाव माहीत आहे तो स्वतः येऊन बसतो. ऑगस्टपासून तिथे जुनं लोखंड यायला लागलं. मोठी ढाल घेऊन गाड्यापुढे चालणारं यंत्र. नेम एकदम भिकार, चाल बैलाची, पण गाडा कधी विवरात जाऊ दिला नाही.

या खेळात एक नियम आहे. एखादा गडी नको असेल तर टीममधला कुणीही मत पुकारू शकतो. उरलेल्या चौघांनी 'हो' दाबलं तर तो बाहेर. एकानेही 'नाही' म्हटलं तर तो राहतो. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी तुमच्यावर मत आलं, आणि बाकीच्यांनी दाबलं तसं मीही 'हो' दाबलं. मामा, मला कल्पना नव्हती. हेडफोनात आवाज फार बदलतो. वरून स्फोट चालू असतात, माझं सगळं लक्ष उजव्या बोगद्यावर असतं, आणि तुम्ही असं काही खेळाल हे माझ्या डोक्यातही कसं येणार? तुमच्याकडे तेव्हा चांगलं इंटरनेट आहे हेही मला माहीत नव्हतं. आवाज तर खरंच फार बदलतो.

आणखी एक. तुमच्या 'येऊ दे, येऊ दे, बास'चा तुकडा कापून कुणीतरी ऑफिसात फिरवला होता. चौदा सेकंदांचा. लोक हसले. तुमच्या कानावर ते कुठून येऊ नये म्हणून मीच सांगतो. त्यात वाईट हेतू नव्हता.

चूक झाली, माफ करा. हेडफोन माळ्यावरून काढा. पुढच्या शनिवारी या, मी सगळ्यांना सांगून ठेवतो. किंवा नको वाटत असेल तर राहू द्या, गुडघे, पाठ, तुम्हीही किती वेळ बसणार.

मामींना सांगा, लोणी लावणाऱ्या माणसासारखं पत्र लिहिलंय म्हणून हसू नका.

तुमचा,
पेन्सिल्या


दि. ९ नोव्हेंबर, रविवार

चि. पेन्सिल्या यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामीने दोनदा वाचून दाखवलं, मग मी भिंग लावून एकदा स्वतः वाचलं. अक्षर सुधारलं आहे तुझं. जिन्याचं वाचून आम्ही हसलो. दार आतल्या बाजूला उघडणारं कर, म्हणजे माणूस पडणार नाही. हे मी सांगायला नको, तू शिकलेला आहेस.

तू उगीच मनाला लावून घेतलंस. मी रागावलेलो नाही. खेळात असंच असतं. आमच्या लोखंडाच्या यार्डातही नवा माणूस पहिले सहा महिने सगळ्यांच्या पायात येतो. मी पायात आलो असेन.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं होतं ते शिट्टी मारायचं, म्हणून मी वापरत नव्हतो. मग शेजारच्या शिक्षकांनी त्यांचा हेडफोन लावून बघायला दिला. अरे, काय सांगू. पंचवीस वर्षांनी मामीचा आवाज कानात पूर्ण आला. ती म्हणाली, आता तरी भांडण नीट ऐका. मग मी तसाच विकत आणला. दुकानदार म्हणाला हा फोनलाही लागतो. पण फोनवर तू तीन मिनिटांत ठेवतोस. कामात असतोस, ते मला कळतं. मग मला आठवलं की खेळात तू पाऊण तास बोलतोस, तूच सांगितलं होतंस. म्हटलं, तिथेच जाऊन बसू.

शिक्षकांनी महिनाभर शिकवलं. आधी मी चंद्रावर नुसता भिंतीत तोंड घालून चालायचो. पाच बटणं एकदम दाबायची म्हणजे काय चेष्टा आहे का? क्रेनला तीनच होती. मग ढालवाला मिळाला. त्याला नेम लागत नाही, पुढे उभं राहायचं फक्त. ते मला जमतं.

पहिल्या दिवशी तुझा आवाज आला, 'उजवीकडून दोघं येतायत, मी बघतो.' मी खेळ विसरून ऐकतच राहिलो आणि मेलो. नंतर आठवड्याभराने तू बोलेनासा झालास, नुसतं लिहायचास. मला वाटलं तुझा माईक बिघडला. मामीला म्हटलंही, याला एक चांगला माईक पाठवू या का. पण पाठवला असता तर बिंग फुटलं असतं. मला तुला गंमत म्हणून सांगायचं होतं, एखादा मोठा डाव जिंकल्यावर.

म्हणजे त्या शनिवारीच सांगणार होतो. तुमच्या त्या बाईंनी विचारलं होतं, आजोबा तुम्ही कुठले. मी सांगायला लागलो तेवढ्यात आवाज बंद पडला. मला ते समजलं नाही, मी आपला बोलतच होतो. त्यांना सांगत होतो की तुमच्यात माझा भाचा आहे, कामाच्या नादात जेवायचं विसरतो, जरा लक्ष ठेवत जा. दोन-तीन वाक्यं बोललो असेन. मग पडदा काळा झाला आणि लिहून आलं, 'संघाने तुम्हाला काढले आहे.' मशीनचं काही सांगता येत नाही. आवाज चालू असता तर असं झालं नसतं.

चौघांचं 'हो' लागतं हे शिक्षकांनी मला नंतर सांगितलं. खरं सांगतो, ते ऐकून दोन दिवस जरा वाईट वाटलं. म्हणजे त्यात तूही आलास. पण मग मी मामीला म्हटलं, त्याला कुठे माहीत आहे मी कोण ते. माहीत असतं तर त्याने बोट लावलं नसतं. आता तुझं पत्र आलं आणि ती म्हणाली, बघा, तुम्ही म्हणत होता तेच निघालं. माझा जीव हलका झाला.

त्या चौदा सेकंदांचं काही वाटत नाही. यार्डात तर सगळे माझी नक्कल करायचे. तो तुकडा असेल तर मला पाठव, मी स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकलेला नाही.

शनिवारी मी काही आता येत नाही. शिक्षकांची बदली झाली, आणि तुमच्या मित्रांना ओशाळल्यासारखं होईल. तू मात्र खेळत जा, विरंगुळा पाहिजे. फोन कर सवडीने. मामी म्हणते, वेळेवर जेवतोस हे लिहिलंस त्यावर तिचा विश्वास बसलेला नाही.

तुझे,
मामा


दि. २० नोव्हेंबर, गुरुवार

ती. मामा,

या पत्रात हवापाणी नाही. मामी, तुम्ही वाचत असाल तर थांबू नका, शेवटपर्यंत वाचून दाखवा. मध्ये तुम्हाला माझा राग येईल. आलेला बरा.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. 'माझा जीव हलका झाला' इथपर्यंत वाचलं आणि कागद घडी करून खिशात घातला. दोन दिवस तो खिशात घेऊन ऑफिसला गेलो, जिना काढला, लोकांशी बोललो. तुम्ही मला निर्दोष सोडून दिलंत, मामा. मी गप्प बसलो असतो तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तुम्ही शांत, मामी शांत, दर पंधरा दिवसांनी तीन मिनिटं फोन. मी खरंच तसं करणार होतो. उत्तर लिहायलाही घेतलं होतं, त्यात पुन्हा जिनाच होता.

मी तुम्हाला ओळखलं होतं.

चमचा वगैरे काही नव्हता. मामींनी 'जुनं लोखंड' म्हटलं तेव्हा मला ते अडीच महिन्यांपासून माहीत होतं. तुम्ही पहिल्यांदा गाड्यापुढे उभे राहिलात आणि म्हणालात, 'येऊ दे, येऊ दे, आस्ते, येऊ दे, बास.' आवाज बदलतो म्हणून मी लिहिलं ते खोटं आहे. नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि तुम्ही मला घरी आणलंत. तेव्हा मी काही दिवस तोंडच उघडत नव्हतो. औषधाचा चमचा तोंडाजवळ आणताना तुम्ही क्रेनचा हुक उतरवल्यासारखं 'येऊ दे, येऊ दे' करायचात, आणि 'बास' म्हटलं की मी हसायचो. शाळा सुटल्यावर मी यार्डाच्या भिंतीवर बसून डबा खायचो, आणि तुम्ही खाली हात वर करून दहा-दहा टन लोखंड फक्त आवाजाने जागेवर बसवायचात. तो आवाज मी ओळखणार नाही का? पहिल्या 'येऊ दे'ला ओळखला.

आणि मला आनंद झाला नाही. मला लाज वाटली. तुमची लाज वाटली, मामा. हे एक वाक्य लिहायला मला सगळी सकाळ लागली.

कारण सांगतो, म्हणजे ते कारण आहे असं नाही. नोकरीला लागलो त्या पहिल्या आठवड्यात जेवताना विषय निघाला, कुणाच्या घरचे काय करतात. एकीचे वडील न्यायाधीश, एकाची आई प्राध्यापक. माझी पाळी आली आणि मी म्हणालो, ''मामा इंजिनियर आहेत. अवजड यंत्रांचे.'' मी काहीच सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मग सहा वर्षं ते तसंच राहिलं. कप्तानबाई एकदा म्हणाल्याही, तरीच तुझे नकाशे इतके पक्के असतात, घरातूनच आलंय. मी मान हलवली. आणि आता ते इंजिनियर मामा हेडफोनात ओरडत होते, 'ए बाळा, बाजूला हो, गाडा येतोय, पाय जाईल.'

माईक बिघडला नव्हता. मी बंद केला. माझा आवाज ऐकून तुम्ही चुकून 'पेन्सिल्या' म्हणाल, ही भीती वाटली. तुम्ही माझा आवाज ऐकायला येत होतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर चालू ठेवला असता का? मला आज 'हो' म्हणावंसं वाटतंय, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचे दिवस सध्या नाहीत.

तो चौदा सेकंदांचा तुकडा मी कापला. कुणीतरी नाही, मी. एका बुधवारी दाढीवाला तुमच्या 'आस्ते'वर हसला. प्रेमाने हसला होता, आता कळतंय. पण मला वाटलं, आपण हसलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल. म्हणून मी सगळ्यांत मोठ्याने हसलो, आणि तेवढ्यावर भागेना म्हणून संध्याकाळी बसून तो भाग कापला, खाली 'बास-बुवा' असं लिहिलं आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. तुम्हाला ज्या नावाने ते सगळे हाक मारायचे ते नाव मी ठेवलेलं आहे. तुम्ही तो तुकडा मागितलात. मला पाठवता येणार नाही. तुम्ही तो आवडीने ऐकाल, ते मला बघवणार नाही.

तुम्हीच मला शिकवलेली एक गोष्ट आहे. क्रेनखाली 'येऊ दे' एकाच माणसाने म्हणायचं, पण 'बास' कुणीही म्हणू शकतो. झाडूवाला म्हणाला तरी क्रेन थांबली पाहिजे. ही गोष्ट मी ऑफिसात दहा वेळा सांगितली आहे, 'आमचे इंजिनियर मामा म्हणतात' असं म्हणून. तुमच्यावर मत आलं तेव्हा माझं एक 'नाही' पुरलं असतं.

काल बुधवार होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे हेडफोन लावायला लागले तेव्हा मी म्हणालो, थांबा, मला काहीतरी सांगायचंय. त्यांना वाटलं मी नोकरी सोडतोय. मी म्हणालो, ''तो बास-बुवा माझा मामा आहे. सख्खा. त्यानेच मला वाढवलं. तो इंजिनियर नाही. यार्डात क्रेनखाली उभं राहून इशारे द्यायचा. मी तुम्हाला सहा वर्षं खोटं सांगितलं.''

मला वाटलं होतं, आता कुणीतरी काहीतरी लागेलसं बोलेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. दाढीवाला म्हणाला, ''अरे मग आधी सांगायचंस की. मी त्यांना विचारणार होतो, एवढा जड गाडा वळणावर ते कसा बसवतात.'' रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, ''माझे आजोबा लिफ्टमन होते. मी कुठे काही बोलले?'' बस, एवढंच. सहा वर्षं मी ज्याला घाबरत होतो ते एवढंसं होतं, आणि त्यापायी मी तुम्हाला काय केलं ते आता पुढे लिहितो.

कप्तानबाईंनी हेडफोन टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, ''पण मग त्यांच्यावर मत कुणी पुकारलं होतं?''

दाढीवाला म्हणाला, ''मला वाटलं तुम्ही.''

''मी कशाला? मी तर त्यांच्याशी बोलत होते. कारण आलं होतं 'त्रास देतो'. मला वाटलं, या पोरीला त्यांनी खासगीत काही वेडंवाकडं लिहिलं असेल, म्हणून मी लगेच 'हो' दाबलं.''

मुलगी म्हणाली, ''मला कुणी काही लिहिलं नाही.''

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

मामा, मशीनचा काही दोष नाही. तुम्ही त्या दिवशी डाव जिंकून दिला होता. गाडा दरवाजात होता, पुढच्या डावाला अर्धं मिनिट होतं. बाईंनी विचारलं, 'आजोबा, तुम्ही कुठले? आमच्यातच बरे येता दर वेळी?' तुम्ही खाकरलात. तुमचं ते खाकरणं मी ओळखतो, काहीतरी मनातलं बोलायचं असलं की तुम्ही तसं खाकरता. मग म्हणालात, 'त्याचं असं आहे बाई, तुमच्यात माझा भा'

एवढंच ऐकू आलं. मत पुकारलं की खेळ आधी त्या गड्याचा आवाज तोडतो, म्हणजे भांडण नको. ते मला माहीत होतं. मी त्यासाठीच पुकारलं. कारण विचारणारी यादी येते, त्यात 'फसवतो' असतं, 'शिव्या देतो' असतं, 'खेळ सोडून बसतो' असतं. मी 'त्रास देतो'वर बोट ठेवलं. मग दहा सेकंद मिळतात. तुम्ही पडद्यावर ढाल खाली करून उभे होतात आणि तुमच्या नावाशेजारचा छोटा हिरवा दिवा लागत होता, म्हणजे तुम्ही बोलत होतात. मी तो दिवा बघत होतो. तीन मतं पडली, चौथं माझं राहिलं होतं. पुकारणाऱ्यालाही मत द्यावं लागतं. तेव्हाही मला थांबता आलं असतं.

त्या दहा सेकंदांत तुम्ही बाईंना माझ्या जेवणाचं सांगत होतात, हे मला तुमच्या पत्रातून कळलं.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल, आणि मामी म्हणतील झालं गेलं विसरा. रविवारी सकाळच्या गाडीने येतोय, दुपारपर्यंत पोचेन. तुम्हाला बोलावंसं वाटलं नाही तर मी बाहेरच्या बाकावर बसेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. माझं आणि त्या पाचव्या जागेचं कप्तानबाईंनी काय ठरवलंय ते त्या तुम्हाला वेगळं लिहितायत, मला वाचून दाखवलेलं नाही.

तुमचा भाचा